सहा मिलिमीटर कमी

माझ्या आत्याला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. ओतकामाच्या कारखान्यातले लोक तिला मिलिमीटर म्हणत, कारण सतराव्या वर्षी तिने तिथल्या फोरमनना तोंडावर सांगितलं होतं, की त्यांची टेप मिलिमीटरभर खोटं बोलते. टेप तपासली तर टोकाचा पत्रा खरंच वाकलेला निघाला. घरात त्या मिलिमीटरचं मिली झालं, आणि ते तिला एवढं चिकटलं की बँकेत खरं नाव पुकारतात तेव्हा ती क्षणभर बसूनच राहते.

आमच्या घराची पुढची खोली कामाची. मधोमध भलंमोठं टेबल, त्याच्या कडांना करवतीचे चरे. भिंतीवर पटाशा, रंधे, कानशी. जमिनीवर भुसा इतका बारीक, की दार उघडलं तरी तो उठून पुन्हा बसतो. या खोलीत लाकडाचे पॅटर्न तयार होतात. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी जुळा भाऊ करावा लागतो. तो ओल्या वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड गार होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून लाकडी भाऊ तेवढाच मोठा करायचा. दर मापाला आकडेमोड कोण करत बसणार? त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. दिसायला नेहमीची स्टीलची, पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. तिला आमच्याकडे वाढीव पट्टी म्हणतात. आजोबांच्या खोलीत ती खिडकीच्या डाव्या बाजूच्या खिळ्यावर टांगलेली असे. आणि नियम एकच होता: साधी पट्टी या खोलीत आणायची नाही. घरातलं काही मोजायचं झालं तर टेप स्वयंपाकघरातल्या फडताळात. दोन पट्ट्या एका खोलीत आल्या की एक दिवस हात चुकणार, असं आजोबा म्हणत.

आत्या अठरा वर्षांची झाली त्या वर्षी तिला विद्यापीठात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. यंत्र शाखा. घरातून, किंबहुना आमच्या सबंध गल्लीतून, असं पत्र आलेली ती पहिलीच. आजीने ते पत्र चहाच्या डब्याखाली ठेवलं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ डबा उचलताना ते दिसावं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, सोळा तारखेपर्यंत येऊन प्रवेश पक्का करावा.

अडचण होती ती आजोबांच्या डोळ्यांची. बावन्नाव्या वर्षीच त्यांना बारीक रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. चष्मा बदलून झाला, डॉक्टर बदलून झाले. लांबचा माणूस ओळखू यायचा, पण पट्टीवरच्या रेघा एकमेकींत मिसळून करड्या व्हायच्या. वर्षभर पट्टी आत्याच वाचत होती. कारखान्यातल्या लोकांना वाटायचं मिस्त्री मुलीला काम शिकवतायत. खरं काय ते आजोबा, आजी आणि आत्या या तिघांनाच ठाऊक होतं.

आजीने विषय काढला तो भांडी घासताना, पाठमोरी.

“ती गेल्यावर पट्टी कोण वाचणार?”

“मी वाचीन,” आजोबा म्हणाले.

“डोळ्यांनी?”

“नखांनी. रेघा कोरलेल्या असतात, छापलेल्या नाही. नख फिरवलं की लागतात.”

“काहीतरीच. आयुष्यभर डोळ्यांनी केलं ते आता नखांनी करणार.”

“लावतेस पैज?”

पैज लागली. कारखान्यातून नुकतंच एक काम आलं होतं, एका मोठ्या यंत्राच्या पेटीचं झाकण. लांबी सहाशे मिलिमीटर, रुंदी तीनशे, कडेने बोल्टांची दहा भोकं. आजोबा म्हणाले, “हे झाकण मी एकटा करतो. मिलीने या कामात हात घालायचा नाही. चित्रावरची मापं फक्त एकदा मोठ्याने वाचून दाखवायची, बास. झाकण बरोबर उतरलं तर ती सोळा तारखेला जाते. नाही उतरलं तर पुढचं पुढे.”

“आणि तुला काय वाटतं?” आजीने आत्याला विचारलं.

“अण्णा करतील,” आत्या म्हणाली.

तिला जायचं होतं यात शंका नाही. शाळेतल्या भूमितीच्या वहीत तिने पंपाची चित्रं काढून ठेवली होती, आतून कसा दिसत असेल त्याची, न बघता. पण कागदपत्रं दाखवायला ती तिच्या मामाबरोबर एकदा विद्यापीठात जाऊन आली होती, आणि त्या दिवसाबद्दल ती घरात काही बोलली नव्हती. तिथे एक मोठा हॉल होता, त्यात चित्रं काढायची साठ टेबलं एकासारखी एक मांडलेली. रांगेत पुढे-मागे उभी असलेली मुलं-मुली एकमेकांना ओळखत होती, निदान एकाच तऱ्हेने हसत तरी होती. एका मुलीने विचारलं, तुझे वडील काय करतात? आत्याने सांगितलं, पॅटर्न करतात. ती मुलगी म्हणाली, “कसले, कपड्यांवरचे?” आणि उत्तराची वाट न बघता पुढे सरकली. एवढंच. कुणी वाईट वागलं नाही. फक्त इमारतीतून बाहेर पडताना आत्या दोनदा रस्ता चुकली, आणि कुणाला विचारायचं तिला सुचलं नाही.

मामा हत्यारांच्या दुकानात कामाला होता. परत येताना त्याने तिला भेट दिली: सहाशे मिलिमीटरची नवी कोरी स्टीलची पट्टी. “मोठ्या कागदावर लागेल,” तो म्हणाला. “छोटी घेऊन जाशील तर दोनदा मोजावं लागेल.” पट्टी अगदी आजोबांच्या पट्टीसारखीच होती, तीच रुंदी, टोकाला टांगायला तसंच भोक. कंपनीही तीच असावी.

त्यानंतर जे झालं ते आत्याने मला इतक्या बारकाईने सांगितलं आहे, की ती दुपार मीच पाहिली असं मला कधीकधी वाटतं. आजोबा लाकूड निवडायला बाहेर गेले होते. आत्या नवी पट्टी घेऊन कामाच्या खोलीत आली. नियम तिला माहीत होता. तिला फक्त एकदा बघायचं होतं. तिने खिळ्यावरची वाढीव पट्टी काढली, टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या, शून्याला शून्य जुळवलं. मग डोळे हळूहळू दुसऱ्या टोकाकडे नेले. पहिल्या एक-दोन सेंटिमीटरला फरक कळतही नव्हता. मग रेघ रेघेला सोडून जरा पुढे गेली. मग आणखी. शेवटी सहाशेच्या दोन रेघांमध्ये सहा मिलिमीटरची फट. तिला इतकं बरं वाटलं, ती म्हणते, जणू आजवर अण्णांनी सांगितलेलं सगळं पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं.

तेवढ्यात आजीने हाक मारली. दूध उतू जात होतं की दारात कुणी आलं होतं, तिला आता आठवत नाही. तिने एक पट्टी खिळ्याला अडकवली, दुसरी वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या ट्रंकेत ठेवली आणि गेली.

खिळ्याला अडकवली ती नवी होती.

तीन दिवस आजोबा खोलीत एकटे होते. दार लोटलेलं. आत रंध्याचा आवाज, मग बराच वेळ शांतता. त्या शांततेत ते टेबलावर वाकून अंगठ्याच्या नखाने रेघा मोजत असत. मोठी रेघ, लहान रेघ, लहान, लहान. नखाच्या टोकाला खाच पडली होती. आजी दारातून चहाचा कप आत सरकवायची आणि परत यायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पॅटर्न उचलून बाहेर घेऊन आले, एखादं मूल दाखवायला आणावं तसे.

“हात लावून बघ,” ते आत्याला म्हणाले. “मोजू नकोस. हात लावून बघ.”

कडा इतक्या गुळगुळीत होत्या, की बोट थांबायचंच नाही.

बारा तारखेला फोरमन हातगाडीवर लोखंडी झाकण आणि तो पॅटर्न घालून दारात हजर झाले. त्यांनी चार झाकणं ओतली होती, चारही तशीच.

“मिस्त्री, हे कुठल्या बाहुलीच्या पेटीचं झाकण केलंत?” ते म्हणाले. “बोल्ट एका टोकाला बसतायत, दुसऱ्या टोकाला पत्ता नाही.”

आजोबांनी झाकणावर हात ठेवला. “किती कमी आहे?”

“लांबीत सहा. पुढचं मोजायची इच्छाच झाली नाही मला.”

आजोबा काम जाणणारे होते. पहिला संशय त्यांना पट्टीचाच आला. “मिली, पट्टी आण,” ते म्हणाले. “बघ गं जरा, ही वाढीवच आहे ना?”

आत्याने खिळ्यावरची पट्टी काढली. वाढीव पट्टीच्या टोकाला बारीक अक्षरांत एक टक्का असं कोरलेलं असतं. या पट्टीच्या टोकाला काहीच नव्हतं. फोरमन दारात उभे होते, आजी त्यांच्यामागे, आजोबा तिच्या दिशेने तोंड करून.

“भुसा बसलाय, पुसून बघते,” ती म्हणाली आणि आत गेली. ट्रंक उघडली, कागद सोडला, पट्ट्या बदलल्या. बाहेर आली तेव्हा हातात वाढीव पट्टी होती.

“वाढीवच आहे, अण्णा.”

“पॅटर्न मोज.”

तिने मोजला. लांबी पाचशे चौऱ्याण्णव. रुंदीही मोजली. रुंदी दोनशे सत्त्याण्णव होती. लांबीचा आकडा तिने मोठ्याने सांगितला, रुंदीचा सांगितला नाही.

“म्हणजे सहा रेघा चुकलो,” आजोबा म्हणाले. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. ते नख त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे.

फोरमनचा आवाज उतरला. “होतं हो, मिस्त्री. डोळे दाखवून घ्या एकदा. आपलं काय वय राहिलंय का आता?”

त्या क्षणी तिने केलं ते फोरमनसमोर बोलणी खायला नकोत म्हणून. संध्याकाळी ते गेले की अण्णांना सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. हे ती शपथेवर सांगते, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. पण संध्याकाळी आजोबा स्वतःच बोलले.

“पैज मी हरलो. तरी तू जा. कारखान्याला मी सांगतो दुसरा माणूस बघायला.”

आता तिने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य बोलली असती तर आजोबांची चूक राहिली नसती, पैज ते जिंकले असते, आणि सोळा तारखेला त्या साठ टेबलांपैकी एकाशी जाऊन तिला बसावं लागलं असतं.

“मी वर्षभर थांबते, अण्णा,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

“ते बोलून झालं आणि मला हलकं वाटलं,” आत्या मला म्हणाली. “एवढं हलकं, की मी रात्री पोटभर जेवले. बाकी सगळ्याची मी स्वतःला कधीतरी माफी देईन. त्या जेवणाची नाही देता येत.”

सोळा तारीख गेली. पत्र आणखी काही महिने चहाच्या डब्याखाली होतं, मग डब्याच्या बुडाचा गोल डाग पडून अक्षरं पुसली गेली, आणि एक दिवस आजीने ते काढून टाकलं.

जी गोष्ट तिने हिशेबातच धरली नव्हती ती पुढे घडली. आजोबांनी पट्टीला पुन्हा हात लावला नाही. ती थांबली ती त्यांचं काम चालू राहावं म्हणून, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं, आणि त्यांचं काम तिथेच थांबलं. ते दाराजवळच्या स्टुलावर बसून तिने केलेल्या पॅटर्नला पॉलिश पेपर घासत. मापाचं काही विचारलं की म्हणत, “मिलीला विचारा, मी सहा रेघांचा माणूस आहे.” पुढच्या वर्षी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा खोलीतलं सगळं काम तिच्या एकटीवर होतं, आणि आता खरोखरच जाता येण्यासारखं नव्हतं. खोटं कारण वर्षभरात खरं झालं.

झाकणाचा तो पॅटर्न आजोबांनी टाकू दिला नाही. दाराच्या वर खिळा ठोकून तिथे टांगून ठेवला. “शिक्षा म्हणून राहू दे,” ते म्हणाले. पण ते शिक्षा भोगणाऱ्यातले नव्हते. दोन-चार वर्षांत त्यांनी त्याची गोष्ट करून टाकली. कुणी नवीन माणूस आला, की ते वर बोट दाखवत.

“ते दिसतंय? ती माझी शेवटची चूक. माणूस म्हातारा होतो ना, तो एकदम होत नाही. आधी सहा मिलिमीटरने होतो.”

लोक हसत. मीही लहानपणापासून किती वेळा हसले असेन. आत्या तेव्हा पाठमोरी काम करत असायची. ती हसते की नाही हे बघायचं मला कधी सुचलं नाही.

ती उत्तम कारागीर झाली. तिने केलेला पॅटर्न दुसऱ्यांदा मोजायची पद्धत कारखान्याने सोडून दिली. तरुण इंजिनीअर चित्रं घेऊन येत, ती चित्राकडे पाहून म्हणे, “हा कोपरा एवढा काटकोनात ठेवलात तर वाळू ढासळेल. जरा गोलाई द्या.” एकाने विचारलं होतं, “मॅडम, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?” ती म्हणाली, “याच खोलीच्या. पहिलं वर्ष चालू आहे.” तोही हसला. लग्नाचं एकदा ठरत आलं होतं, ते फिसकटलं, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. तिच्या कपाटात रद्दीवाल्याकडून आणलेलं एक जाडजूड पुस्तक आहे, पदार्थांच्या बळावरचं, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असतं ते. त्यात तिसऱ्या प्रकरणापर्यंत पेन्सिलीच्या खुणा आहेत. चौथं प्रकरण कोरं आहे. तिथलं गणित कुणीतरी समजावून सांगावं लागतं, असं ती म्हणते.

आजी गेली. आजोबांची नजर हळूहळू पूर्ण गेली. तेहतीस वर्षं झाली. मग मागच्या वर्षी एका दुपारी कारखान्यातली नवी इंजिनीअर मुलगी कामाचं बघायला आली. माझ्याच वयाची, त्याच विद्यापीठात शिकलेली. आत्या तिच्यासाठी चहा टाकायला उठली. मी आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. आजोबांनी नवा आवाज ऐकला आणि सवयीने वर बोट केलं.

“ते दिसतंय का, बेटा? ती माझी शेवटची चूक.”

मुलीने गोष्ट पूर्ण ऐकली, हसायच्या जागी हसली. मग म्हणाली, “आजोबा, खाली काढून बघू का?”

“बघ की. शिक्षा आहे ती, चावत नाही.”

तिने दुसऱ्या स्टुलावर चढून पॅटर्न काढला, फुंकर मारून धूळ उडवली. खिळ्यावरची पट्टी घेतली आणि लांबी मोजली, रुंदी मोजली, मग भोकांमधलं अंतर. पुन्हा रुंदी मोजली.

“रुंदी किती हवी होती?”

“तीनशे.”

“दोनशे सत्त्याण्णव आहे.”

“तेहतीस वर्षं झाली,” आजोबा म्हणाले. “लाकूड आकसलं असेल.”

“लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. इथे लांबी, रुंदी, भोकं, सगळं एकाच प्रमाणात कमी आहे. बरोबर एक टक्का.” ती स्वतःशीच खूष झाली होती, गणित सुटल्यासारखी. “आजोबा, तुम्ही रेघा अचूक मोजल्यात. एकही चुकली नाही. पट्टी साधी होती, एवढंच.”

आत्या चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“पट्टी वाढीवच होती,” आजोबा म्हणाले. “मिलीने बघितली होती. हो ना गं, मिली?”

मुलीने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पॅटर्न हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, कारखान्यात थांबलेत माझ्यासाठी, चहा पुढच्या वेळी घेईन. तिची चप्पल पायऱ्यांवरून वाजत गेली.

आत्याने ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं. उभ्याउभ्या, मामाने दिलेल्या पट्टीपासून ट्रंकेपर्यंत, काही न वगळता. आवाज चढला नाही, रडली नाही. माप वाचून दाखवावं तसं सांगितलं. मी वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. ती चारदा घातली असेल.

आजोबा म्हणाले, “पॅटर्न दे इकडे.”

तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. ते अंगठा कडेवरून फिरवत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

“म्हणजे माझं बरोबर होतं,” ते म्हणाले.

“हो, अण्णा.”

“सगळ्या रेघा.”

“सगळ्या.”

“भोकंसुद्धा?”

“भोकंसुद्धा.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी बघत होते. तो आलाच नाही. पंच्याऐंशी वर्षांचा तो माणूस संध्याकाळभर पॅटर्न मांडीवर घेऊन बसला होता, आणि मधूनच म्हणत होता, “नखाने मोजलं होतं हं मी. नखाने.” आत्याला ते ऐकवत नव्हतं. ती तीनदा उठून आत गेली. तेहतीस वर्षं तिने त्यांच्याकडून काय काढून घेतलं होतं ते त्या संध्याकाळी तिला पूर्ण दिसलं. तिचं स्वतःचं जे गेलं त्याची तिला सवय झाली होती, याची नव्हती.

प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारला. ती कामाला लागली होती, ते स्टुलावर होते. मी दारात चप्पल घालत होते.

“मिली, मग तू गेली का नाहीस?”

रंधा थांबला. लोकांना द्यायचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं: वडिलांचे डोळे. ते आता चालणार नव्हतं.

“भीती वाटली.”

“कशाची?”

“तिथे कुणी मला ओळखत नव्हतं, अण्णा. इथे मी मिलिमीटर होते.”

आजोबांनी मान हलवली. मग म्हणाले, “मला सांगायचं होतंस. मी येऊन बसलो असतो चार दिवस त्या हॉलच्या बाहेर. मला काय, बाहेर बसायला डोळे थोडेच लागतात.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर भीती संपली असती. मग जावंच लागलं असतं.”

पॉलिश पेपर शोधत आजोबांचा हात टेबलावर फिरला, तिने तो त्यांच्या हातात दिला. बराच वेळ दोघांचे आवाज चालू राहिले, तिच्या रंध्याचा लांब आणि त्यांच्या घासण्याचा आखूड.

“काय गं,” मध्येच आजोबा म्हणाले, “आता घेतील का तुला?”

“कुठे?”

“विद्यापीठात.”

आत्या हसली. “एक्कावन्न वर्षांच्या बाईला?”

“वय नाही विचारलं मी. घेतील का, ते विचारलं.”

“काय माहीत,” ती म्हणाली.

“त्या मुलीला विचार. हुशार आहे ती.”

ती मुलगी त्यानंतर बऱ्याचदा आली. आत्या तिच्याशी वाळूबद्दल बोलली, लाकडाबद्दल बोलली, गोलाई किती द्यावी यावर एकदा तासभर वादही घातला. जे विचारायचं होतं ते विचारलं नाही. आजोबा आणखी सात महिने होते. पॅटर्न पुन्हा दाराच्या वर टांगला होता. नव्या माणसाला ते अजूनही वर बोट दाखवत, पण गोष्ट आता वेगळी होती. “हात बरोबर होता,” ते म्हणत, “पट्टी बदलली गेली होती.” कुणी बदलली ते कधी सांगत नसत. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, काम न थांबवता, आत्या म्हणायची, “मी बदलली.”

आलेल्या माणसाला वाटायचं, हाही गोष्टीतलाच विनोद आहे. तो हसायचा.